दाखल्यावरचं नाव

“आजोबा, इथं जाळ करता येणार नाही,” यंत्रापुढं बसलेला शेखर म्हणाला. त्याची नजर माझ्या हातातल्या काडेपेटीवर होती.

“मग हलगी बोलणार कशी?” मी विचारलं.

पुण्यातला तो स्टुडिओ म्हणजे एक गारठलेली खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकी नाही. बाहेर एप्रिलचं ऊन आणि आत मी मफलर गुंडाळून बसलेलो. अशा गारव्यात चामडं सैल पडतं. सैल हलगी वाजवणं म्हणजे ओल्या घोंगड्यावर काठी मारणं. माझा बाप, त्याचा बाप, सगळे लग्नघराच्या बाहेर पाचोळा पेटवून आधी हलगी शेकायचे, मग वाजवायचे. शेखरला हे कोण सांगणार?

माझी नात मयूरी हसली आणि शेखरला म्हणाली, “दादा, चहाचा गॅस आहे ना तुमच्याकडं?”

मग मी चहाच्या खोलीत गॅसवर हलगी फिरवत उभा राहिलो. चामड्याचा वास सगळ्या मजल्यावर पसरला. समोरच्या ऑफिसातली एक बाई नाकाला पदर लावून डोकावून गेली.

“आबा, जपून. कडा करपेल,” मयूरी म्हणाली.

“मला शिकवतीस व्हय?”

“मग! अक्षरं कुणी शिकवली तुम्हाला?”

ते मात्र खरं होतं. ती पहिलीत होती तेव्हा शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि मला समोर बसवायची. ती बाई, मी विद्यार्थी. चुकलो की हातावर पट्टी. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि तोवर कागदावर फक्त अंगठा ठेवत आलो होतो. त्या वर्षी दिवाळीपर्यंत मी सांगलीतल्या दुकानांच्या पाट्या वाचायला लागलो. आज जे काही लिहितो आहे ते त्या पोरीच्या पट्टीमुळं.

शेकलेल्या हलगीवर मी टिपरूनं, हलगीच्या जाड काडीनं, एक घाव टाकला. कानाला डबे लावून बसलेला शेखर खुर्चीतून उडाला. मयूरी पोट धरून हसली.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. मयूरी तेव्हा वीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. भराभर बोलत गायचं, ठेक्यावर शब्द फेकायचे, त्याला ती मुलं रॅप म्हणतात. कॉलेजच्या कार्यक्रमात तिनं माझ्यावर एक गाणं म्हटलं होतं. मी लोकांच्या वराती वाजवत नेल्या आणि जेवायला मात्र मांडवाबाहेर बसलो, असं ते गाणं. कुणीतरी ते फोनवर घेतलं, ते फिरत फिरत पुण्याच्या एका गाण्यांच्या कंपनीपर्यंत गेलं आणि कंपनीनं तिला बोलावलं. हलगी खरी पाहिजे म्हणून मीही आलो. गाणं वरच्या लोकांना आवडलं तर आणखी तीन गाणी मिळणार होती. नाही आवडलं तर परत सांगली. पोरगी चार रात्री झोपली नव्हती.

कंपनीचा माणूस निशांत. तिशीतला, साधा, हसरा. आल्या आल्या माझ्या पाया पडला, तेव्हा मीच मागं सरकलो. आमच्या पाया कुणी पडत नसे.

“आजोबा, एकच बदल केलाय गाण्यात,” तो म्हणाला. “मयूरीला सांगितलाय. तिला पटलाय.”

तिच्या मूळ गाण्यात एका जागी गावचा पाटील मला हाक मारतो. आमच्या जातीला गावात ज्या शब्दानं हाक मारायचे, त्याच शब्दानं. तो शब्द मी इथं लिहिणार नाही. वाचणाऱ्याला कळला असेल. मला आता लिहिता येतो, म्हणूनच लिहीत नाही. गाण्यात तो एकदाच होता आणि पाटलाच्या तोंडी होता. निशांतनं तो तिथून उचलला आणि मयूरीच्या तोंडी दिला. ‘मी अमुक, मी अमुक’ असं चार वेळा, प्रत्येक कडव्यानंतर एकदा. गाण्याचं नावही तेच ठेवलं.

“हाच गाण्याचा दम आहे,” निशांत म्हणाला. “लोक एकदा ऐकतील आणि दिवसभर म्हणत राहतील.”

मी मयूरीकडं बघितलं. तिनं फोन काढला आणि मला एक गाणं दाखवलं. अमेरिकेतली काळी माणसं होती, गळ्यात सोन्याच्या जाड साखळ्या, मागं मोठ्या गाड्या.

“आबा, हे लोक काय म्हणतायत माहितंय? यांना गोरे लोक गुलाम करून न्यायचे तेव्हा एक शिवी द्यायचे. आता हे स्वतःच स्वतःला तीच म्हणतात. गाण्यात, दोस्तांत, सगळीकडं. शिवी आपणच उचलली की दुसऱ्याला मारायला दगडच उरत नाही.”

“घरात लेकरांना काय म्हणतात?”

“कोण?”

“हीच माणसं.”

“मला काय ठाऊक! त्यांच्या घरात कोण गेलंय?” ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, “तुम्हाला नाही आवडलं का?”

“तुझ्या पप्पानं ऐकलंय?”

“नाही. एकदम टेम्पोत लावून दाखवणार. त्यांची मान ताठ होईल बघा.”

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा दशरथ, मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा टेम्पो चालवायचा. दिवसभर त्याच्या गाडीत गाणी वाजत. त्या गाडीत, त्याच्या लेकीच्या आवाजात, तो शब्द वाजणार होता. तिला थांबवायचं तर कारण सांगावं लागणार आणि ते कारण मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी टिपरू उचललं. “चला, वाजवू या,” म्हणालो.

दोन तास वाजवलं. माझा ठेका, तिचे शब्द. काचेपलीकडून ती हातानं खुणावायची आणि मी वाढवायचो. पोरीचा श्वास कुठं संपतो ते मला कळत होतं. मी तिथं एक घाव जास्त टाकायचो, म्हणजे तिला दम घेता यावा. तो शब्द आला की मी खाली हलगीकडं बघायचो.

चहाच्या वेळी निशांत म्हणाला, “आजोबा, अजून एक मागू? गाण्याच्या सुरुवातीला तुमचा आवाज पाहिजे. फक्त ती एक ओळ. ‘मी अमुक’. अस्सल आवाज. आम्ही पुण्यात शोधून तो मिळणार नाही.”

“आबा, माझ्यासाठी,” मयूरी म्हणाली.

आता खरं सांगतो. तिच्यासाठी तर होतंच, पण मला मोहही झाला. समोर माईक, काचेमागं माणसं, सगळे माझ्याकडं बघणारे. अशी माणसं माझ्यापुढं चाळीस वर्षांत बसली नव्हती. मी मफलर काढून ठेवला आणि उभा राहिलो.

हलगीवर तीन घाव टाकले. मग ती ओळ म्हटली. पुढं ‘मायबाप’ जोडलं. शेवटी नाकातून एक हसू काढलं, बकरीसारखं, लांबत जाणारं. सगळं एका दमात, कुठं अडखळलो नाही.

शेखर टाळ्या वाजवायला लागला. निशांत दार उघडून आत पळत आला. “कमाल! आजोबा, कमाल! तुम्ही कुठं होतात इतके दिवस?” त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. मीही हसत होतो.

मयूरी काचेमागं तशीच उभी होती. मग ती आत आली.

“आबा, हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“कुणी शिकवायला कशाला पाहिजे? माझंच आहे.”

“वाकलात कशाला?”

“वाकलो व्हय?”

“गुडघ्यात वाकलात. मान अशी केलीत. हात जोडलेत.” तिनं करून दाखवलं. तिच्या अंगावर मला माझं सोंग दिसलं. जीन्स घातलेली वीस वर्षांची पोर, मान कललेली, दात काढलेले. मी म्हणालो, “बास. नको करू.”

निशांत फोनवर कुणाशी तरी बोलत बाहेरच्या बोळात फेऱ्या मारत होता. फोन ठेवला आणि तो गुणगुणायला लागला. मयूरीची चाल आणि आमचा शब्द. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या. गाणं डोक्यात बसलं होतं, तोंडातून येत होतं. बाटलीतलं पाणी प्यायला, टोपण लावलं आणि पुन्हा तोच शब्द, अगदी सुरात.

मयूरीनं ते ऐकलं. माझा हात धरून मला जिन्यात घेऊन आली. तिथं ऊन पडलेलं होतं. आम्ही पायरीवर बसलो.

“सांगा,” ती म्हणाली.

“काय सांगू?”

“ते सोंग कुठलं?”

मी सांगितलं. तिचा बाप लहान असताना मी एका तमाशाच्या फडात हलगी वाजवायचो. मालक म्हणाला, गेनू, नुसता मागं बसून वाजवू नकोस, पुढं ये, तुझी ओळख करून दे. पहिल्या दिवशी मी घाबरत तो शब्द म्हणालो, आणि तंबू हसून लोळला. शिट्ट्या पडल्या. पुढं पुढं लोक नाचाच्या आधी माझ्या नावानं ओरडायचे. म्हणजे त्याच नावानं. मालकानं फलकावर ते लिहिलं.

“तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“वाईट? अगं, मला वाटायचं मी त्यांच्या हातातनं काढून घेतला. गावात तो शब्द ऐकला की मान खाली जायची. तंबूत मीच म्हणायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे. तू मघाशी म्हणालीस ना दगडाचं? मला शब्द जमले नसते, पण माझ्याही मनात तेच होतं. घरीसुद्धा करून दाखवायचो. तुझा बाप पाच वर्षांचा. माझ्या मागं उभा राहून तस्सं करायचा. ‘मी अमुक, मायबाप!’ आणि आम्ही सगळे हसायचो.”

तिनं गुडघे जवळ ओढून घेतले.

“त्याला शाळेत घालायला मीच नेलं. गुरुजींनी विचारलं, नाव काय रे? म्हणाला, दशरथ. बापाचं? गेनू. आडनाव?” मी थांबलो. “आडनाव त्याला ठाऊकच नव्हतं, मयू. आमच्या घरात कुणी वायदंडे म्हणत नव्हतं. त्यानं गुडघे वाकवले, हात जोडले आणि ते म्हटलं.”

“मग?”

“गुरुजी हसले. पोरं हसली.”

“आणि तुम्ही?”

“मीही हसलो. मला वाटलं, पोरगं काय हुशार आहे, बापासारखं करतंय. गुरुजींनी वहीत लिहिलं आणि वही माझ्यापुढं सरकवली. मी अंगठा उमटवला.”

खालून रिक्षांचे आवाज येत होते. मयूरी माझ्या उजव्या अंगठ्याकडं बघत होती.

“चौथीपर्यंत तो गावात शिकला. पाचवीला मोठ्या शाळेत नाव घालायचं होतं. दाखला घेऊन एकटाच गेला, मी फडाबरोबर गावोगाव हिंडत होतो. दुपारीच परत आला. म्हणाला, मन लागत नाही, शाळा नको. मी आलो तेव्हा त्याला मारलं. हलगीच्या काडीनं मारलं. का नको, म्हणून विचारलं नाही. पोरगंही बोललं नाही. बोलणार तरी काय? मी तोच शब्द तंबूत ओरडून आलो होतो.”

“तुम्हाला कधी कळलं मग?”

“तू अक्षरं शिकवलीस त्या वर्षी. घरात दिसेल तो कागद वाचायचो मी. ट्रंकेत तळाला दाखला सापडला. मोठ्या शाळेत तो जमा झालाच नव्हता, त्यानं खिशात घालून परत आणला होता. बोट ठेवून वाचला मी. दशरथ गेनू. आणि पुढं तो शब्द. शाईनं लिहिलेला, खाली सहीशिक्का. तिथल्या कारकुनानं तो भर रांगेत मोठ्यानं वाचला असणार.”

मयूरीनं बाहीनं डोळे पुसले. मग माझेही पुसले.

“पप्पांना ठाऊक आहे? तुम्ही वाचलाय ते?”

“नाही.”

“चौदा वर्षं?”

“दाखला होता तिथंच ठेवला परत.”

ती म्हणाली, “आधी का नाही सांगितलं आबा? मी ते गाणं...”

“तुझ्या डोळ्यांत काय दिसत होतं, तुला ठाऊक नाही. ते विझवायचं कसं? आणि मी थोर नव्हे. मीच तर त्याची सुरुवात केली.”

ती उठली. जीन्स झटकली. आत गेली, मी मागं गेलो.

“सर, तो शब्द काढायचाय,” ती निशांतला म्हणाली.

“अगं, तोच तर गाणं आहे!”

“मघाशी तुम्ही गुणगुणत होता.”

“हो, डोक्यात बसलंय अगदी.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याचे कान लाल झाले. बाटलीचं टोपण उघडलं, पुन्हा लावलं.

“हे बघ,” तो हळू म्हणाला, “सहा वाजेपर्यंत खोली आपली आहे. तुला पाहिजे तसं कर. पण वरचे लोक नाही म्हणतील. त्यांना मी काय सांगू?”

“सांगा, पोरीनं ऐकलं नाही.”

मग ती माझ्याकडं वळली. “आबा, तुम्ही गावात दवंडी द्यायचात ना?”

“द्यायचो की.”

“तशी हाक मारा. वेशीपर्यंत जाईल अशी. पप्पांचं पूर्ण नाव. आणि आबा, गुडघे सरळ.”

हलगी गार पडली होती. मी परत गॅसवर शेकून आणली. या वेळी शेखर स्वतः चहाचं भांडं उतरवून बाजूला झाला. मी माईकपुढं उभा राहिलो. म्हातारे गुडघे, सरळ ठेवायचे तर ठणकतात. तीन घाव टाकले आणि हाक मारली, “दशरथ गेनू वायदंडे!”

काचेमागून मयूरीचा आवाज आला. “हजर!”

पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. दुसऱ्यांदा माझा. तिसऱ्यांदा जमलं. चारही जागी शेखरनं तेच बसवलं. त्या शब्दाच्या जागी माझी हाक आणि तिचं उत्तर. पाटलाच्या तोंडीही तो शब्द तिनं परत घातला नाही. ‘त्याला ठाऊक आहे तो काय म्हणाला,’ एवढं म्हणाली.

पंधरा दिवसांनी कंपनीनं नाही म्हणून कळवलं. पुढच्या लग्नसराईत तसलंच एक गाणं आलं, दुसऱ्या कुणा पोराचं, त्यात तो शब्द होता. मी ते सांगलीत एका वरातीत ऐकलं. ज्यांच्या आज्यापणज्यांनी आम्हाला त्या शब्दानं हाका मारल्या त्यांचीच पोरं हात वर करून त्यावर नाचत होती, शब्दासकट. मयूरी माझ्याशेजारी होती. म्हणाली, “चला आबा, लांबून जाऊ.” तिनं कॉलेज पुरं केलं, आता कोल्हापुरात नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी गाते. रडत बसली नाही असं नाही, पण मला दाखवलं नाही.

कंपनीचा नकार आल्यावर आमचं गाणं शेखरनं तिला पाठवून दिलं होतं. तिनं ते बापाच्या फोनवर पाठवलं आणि वर फक्त लिहिलं, ‘आबा शेजारी असतील तेव्हा लावा.’

मार्केट यार्डात टेम्पो उभा होता. हमाल हळदीची पोती चढवत होते, सगळ्या हवेला पिवळा वास. दशरथ स्टिअरिंगवर, मी शेजारी. त्यानं फोन गाडीला जोडला आणि गाणं लागलं. आधी हलगी. दशरथ बोटानं ठेका धरायला लागला. मग माझी हाक आली.

त्याचं बोट थांबलं. लेकीचं ‘हजर’ ऐकलं आणि त्यानं हात लांब करून इंजिन बंद केलं. चारही वेळा तो समोरच्या काचेतून पोत्यांकडं बघत राहिला. गाणं संपलं. मागं एक पोतं धप्पकन पडलं.

“दाखला वाचला व्हय तुम्ही?” त्यानं विचारलं.

“वाचला.”

“कधी?”

“मयू पहिलीत होती तवा.”

त्यानं मान हलवली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यानं गाणं परत पहिल्यापासून लावलं आणि आवाज वाढवला. बाहेरचे हमाल वळून बघायला लागले.

“लई मोठ्यानं घेतलं, आबा,” तो म्हणाला. “माझं नाव.”